बर्फाच्या डोंगरावरची पायवाट

२०२४ सालच्या फेब्रुवारीत महिनाभराची अर्जित रजा काढून आम्ही उभयता अमेरिकेतील युटा राज्यात धाकट्या लेकीकडे गेलो होतो. हरभरा काढणीला आला होता, गहू चिकात होता आणि अशा वेळी साहेब रजेवर जातात, म्हणून आमच्या मंडळातील काही शेतकऱ्यांनी मला चिमटेही काढले. परत आल्यावर मात्र तीच मंडळी विचारू लागली, "साहेब, तिकडे काय पाहिलंत ते सांगा की!" मोठ्या इमारती मी फारशा पाहिल्या नाहीत. पाहिला तो एक डोंगर, आणि त्या डोंगरावरून चाललेले एक भांडण. भांडण ऐकताना मला वारंवार आपल्याकडची गायराने, पाणंदी आणि वहिवाटीचे दावे आठवत होते.

लेक आणि जावईबापू सॉल्ट लेक सिटी या शहराच्या कडेला राहतात. शहराच्या पूर्वेला वासाच नावाची डोंगररांग आहे. डोंगर इतका जवळ की सकाळी खिडकीचा पडदा सारला की तो अंगणातच उतरला आहे असे वाटावे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,३०० फुटांवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वराइतके उंच. आणि डोंगरमाथे ११,००० फुटांच्या पुढे. या रांगेतून शहराकडे ज्या दऱ्या उतरतात त्यांत लिटल कॉटनवुड नावाची एक अरुंद दरी आहे. दरीतला रस्ता आठेक मैलांचा, आणि त्याच्या टोकाला आल्टा आणि स्नोबर्ड ही दोन बर्फावर घसरण्याच्या खेळाची केंद्रे. या खेळाला स्कीइंग म्हणतात. पायाला दोन लांब पट्ट्या बांधून बर्फावरून खाली घसरत यायचे. वर जाण्यासाठी केंद्रवाल्यांनी लोखंडी दोरावर चालणारे पाळणे आणि खुर्च्या बसविलेल्या असतात. त्याला लिफ्ट म्हणतात. आपल्या रायगडाचा रोपवे ज्यांनी पाहिला आहे, त्यांना कल्पना येईल.

आल्ट्याला हिवाळ्यात किती बर्फ पडतो? सरासरीने पाचशे इंचांच्या वर. म्हणजे चाळीस फुटांहून अधिक! आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकून विचारले, "मग एवढ्या बर्फाचं हे लोक करतात काय?" प्रश्न साधा, पण उत्तर शेतकऱ्याने ऐकण्याजोगे आहे. युटा हे कोरडे राज्य. तेथील पाण्यापैकी सुमारे ९५ टक्के पाणी बर्फातून येते असे तेथील सरकार सांगते. आपले पाणी धरणात साठते, त्यांचे आधी डोंगरावर साठते. उन्हाळा येतो तसतसे ते हळूहळू वितळून ओढ्यांना उतरते, आणि लसूणघासाची मोठमोठी शेते त्यावर भिजतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने डोंगरावर ठिकठिकाणी एक प्रकारच्या सपाट गाद्या अंथरल्या आहेत. वर साचलेल्या बर्फाचे वजन त्या गादीवर पडते, त्यावरून त्यात किती इंच पाणी आहे ते मोजले जाते आणि तो आकडा आपोआप कचेरीत जातो. मी कृषी खात्यातला माणूस, म्हणून ही सोय पाहून मन हरखले. एप्रिलमध्येच शेतकऱ्याला कळते, की यंदा पाटाला पाणी किती येणार.

असो. मूळ विषयाकडे वळतो.

पहिल्या शनिवारी जावईबापू म्हणाले, "बाबा, पहाटे सहाला निघू, नाहीतर वर गाडी लावायला जागा मिळणार नाही." आम्ही सहाला निघालो, तरी दरीच्या तोंडाशी मोटारींची रांग लागलेली होतीच. पुढच्या गाड्यांचे लाल दिवे वळणावळणाने वर गेलेले. तिकडचे लोक त्याला 'लाल साप' म्हणतात. दीड तास त्या सापाच्या शेपटीला बसून आम्ही वर पोहोचलो. दिवसाचे तिकीट दीडशे डॉलरच्या पुढे! जावईबापूंनी वर्षाचा पास काढलेला होता. ते पाळण्यात बसून वर गेले आणि मी कॉफीचा पेला घेऊन काचेआडून पाहत बसलो.

खरा डोंगर पाहायला मिळाला तो पुढच्या आठवड्यात, शेजारच्या आजोबांमुळे. गृहस्थ एकाहत्तर वर्षांचे, शाळेतून निवृत्त झालेले. हिवाळ्यात आठवड्यातून दोनदा ते दरीत जातात, पण लिफ्टमध्ये कधी बसत नाहीत. पायाने चढतात, आणि कोणाची वाट न मळलेल्या ताज्या बर्फावरून घसरत उतरतात. असे करणारे लोक तेथे हजारोंनी आहेत. आपण याला आडरानातले स्कीइंग म्हणू. मी शेतीवाला आहे हे कळल्यावर त्यांनी आग्रहच धरला, "चला, तुम्हाला ग्रिझली गल्च दाखवतो." माझ्या पायांना त्यांनी जाळीच्या रुंद सपाता बांधल्या, म्हणजे बर्फात पाय रुतत नाही, आणि आम्ही रस्ता संपतो तेथून चालू लागलो.

त्यांच्या पट्ट्यांच्या तळाला एक केसाळ पट्टा चिकटवलेला होता. मी हात लावून पाहिला. बैलाच्या पाठीवर केसाच्या दिशेने हात फिरवला तर तो सहज सरतो, उलट फिरवला तर अडतो, तसाच हा पट्टा. पुढे सरकताना घसरतो आणि मागे येताना अडतो, म्हणून चढ चढता येतो. पूर्वी सीलच्या कातड्याचे असत, आता नायलॉनचे किंवा अंगोरा शेळीच्या केसांचे. शेळीपालनाचा हा उपयोग आमच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता!

अर्ध्या तासाच्या चढणीनंतर आजोबा एका उतारावर थांबले आणि पाठीवरचे फावडे काढून बर्फात खड्डा खणू लागले. कमरेएवढा खणून झाल्यावर त्यांनी मला बोलावले. मातीचे थर तपासण्यासाठी आम्ही जशी खड्ड्याची एक बाजू सरळ तासतो, तशीच त्यांनी तासली होती. वरचा थर घट्ट, त्याखाली मऊ, आणि अगदी तळाशी साखरेसारखे सुटे सुटे दाणे. "हा तळचा थर शत्रू," ते म्हणाले. वरचे ओझे त्या दाण्यांवरून घसरले की अख्खा उतार सुटतो आणि माणूस त्याखाली गाडला जातो. तीस अंशांच्या वरचे उतार धोक्याचे. प्रत्येकाच्या छातीशी एक छोटे यंत्र बांधलेले असते, त्याच्या संदेशावरून गाडलेल्या माणसाचा ठिकाणा लागतो. मात्र सोबत्यांनी मिनिटांत उकरले तरच उपयोग. ६ फेब्रुवारी २०२१ रोजी जवळच्याच मिलक्रीक दरीत दोन वेगवेगळ्या टोळ्यांतील आठ माणसे एकाच हिमकड्यात सापडली आणि त्यांतली चार दगावली. आजोबा हे सांगताना फावड्याच्या दांड्याला धरून उभे होते, आणि पुढे बराच वेळ काही बोलले नाहीत.

मी विचारले, "मग एवढा जीव धोक्यात घालून इथेच का येता? खाली सुरक्षित जागा आहे, पाळणे आहेत."

ते म्हणाले, "ही दरी सौम्य आहे. कोवळ्या पोराला शिकवायला आणि म्हाताऱ्याला चढायला हीच जागा. इथे लिफ्ट आली तर आम्हाला त्या पलीकडच्या कड्यांकडे जावे लागेल. ते कडे माझ्या वयाचे नाहीत."

सगळे भांडण या दोन वाक्यांत आहे. ग्रिझली गल्चची जमीन जुन्या चांदीच्या खाणींच्या हक्कांची आहे आणि आज ती आल्टा केंद्राच्या मालकीची आहे. लोक वर्षानुवर्षे तेथून चढत आले. केंद्राला तेथे लिफ्ट उभारायची इच्छा अनेक वर्षांपासून आहे. २०१५ साली सरकार, शहरे, केंद्रे आणि निसर्गप्रेमी संस्था यांनी एकत्र बसून 'माउंटन अकॉर्ड' नावाचा करार केला. केंद्रांनी वरच्या खासगी जमिनी जंगल खात्याला द्याव्यात आणि बदल्यात पायथ्याच्या जमिनी घ्याव्यात, अशी त्यातली अदलाबदलीची कल्पना. पुढे आल्ट्याने ग्रिझली गल्च त्या व्यवहारातून बाहेर ठेवली. मालक आपल्या हक्काने बोलतो आणि वाटसरू आपल्या वहिवाटीने. कोणत्याही तलाठ्याला विचारा, असे दावे किती लांबतात ते तो सांगेल.

लिफ्ट आल्याने पायी चढणाऱ्याचे नेमके काय जाते, हे मला प्रथम समजत नव्हते. डोंगर तर तेथेच राहतो! आजोबांनी उलगडून सांगितले. पायी चढून एक माणूस दिवसभरात दोन-तीनदा उतरतो, म्हणून ताजा बर्फ आठवडाभर पुरतो. लिफ्ट तासाला शेकडो माणसे वर टाकते, तोच उतार सकाळी दहापर्यंत नांगरून निघतो. शिवाय लिफ्टखाली आलेल्या उताराची जबाबदारी केंद्रावर येते. मग ते सुरुंग लावून हिमकडे आधीच पाडतात, त्या वेळी उतार बंद ठेवतात, आणि पायी चढणाऱ्याला कधी कुठून जाऊ द्यायचे ते त्यांच्या मर्जीवर राहते. आणखी एक गोष्ट तर माझ्या ध्यानातच आली नसती. लिफ्टचे शेवटचे टोक जेथे संपते, तेथून लोक दोरी ओलांडून पलीकडच्या रानात सहज उतरतात. त्यांतल्या पुष्कळांजवळ ना फावडे, ना यंत्र, ना थरांचे ज्ञान. त्यांनी वरून हिमकडा सोडला, तर खालून चढत येणाऱ्याच्या डोक्यावर. म्हणजे लिफ्टची हद्द नकाशावर एका दरीपुरती वाढते, पण परिणाम दोन दऱ्यांत होतो.

उतरताना त्यांनी मला दरीचा पूर्वेतिहास सांगितला. त्यातला काही भाग मी नंतर लेकीच्या मदतीने वाचूनही काढला, कारण त्यात माती आणि पाण्याची आमची विद्या भरलेली निघाली. १८६० नंतर येथे चांदी सापडली. खाणींच्या आधारासाठी आणि सरपणासाठी उतारावरची झाडे साफ तोडली गेली. झाडे गेल्यावर बर्फाला धरणारे काही उरले नाही आणि १८८० च्या दशकात हिमकड्यांनी आल्टा गावात पुष्कळ बळी घेतले. त्याच्या जोडीला मेंढ्या. वासाच रांगेवर इतक्या मेंढ्या चरत, की १९०२ साली अल्बर्ट पॉटर नावाच्या अधिकाऱ्याने घोड्यावरून सारे डोंगर पालथे घातले आणि उघड्या पडलेल्या उतारांची नोंद केली. जवळच्या डेव्हिस जिल्ह्यात १९२३ आणि १९३० साली उघड्या डोंगरावरून चिखल-दगडांचे लोंढे वस्त्यांत शिरले. मग त्यांनी काय केले असेल? डोंगरमाथ्यावर समपातळीत चर खणले! १९३० च्या दशकातील बेकारीच्या काळात सरकारने तरुणांच्या तुकड्या कामाला लावल्या आणि डोंगर चरांनी आखून काढला. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात मी ज्या सलग समतल चरांची मोजमापे आयुष्यभर घेतली, त्यांचे हे अमेरिकेतले भाऊबंद. मोजपट्टी बरोबर नव्हती, याची चुटपुट लागली.

आल्ट्याचे खेळकेंद्रही त्याच दशकातले. खाणी बसल्या होत्या, गावात माणूस उरला नव्हता. स्वतःला आल्ट्याचा महापौर म्हणवून घेणाऱ्या जॉर्ज वॉटसन नावाच्या गृहस्थाने आपल्या खाणहक्कांखालची वरची जमीन जंगल खात्याच्या हवाली केली. खाणीतला जुना रज्जुमार्ग मोडून त्याच्या सामानातून पहिली लिफ्ट उभी राहिली, आणि १९३९ च्या जानेवारीत ती सुरू झाली. म्हणजे लिफ्टवालेही काल आलेले नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरी गोष्ट पाण्याची. लिटल कॉटनवुडचा ओढा सॉल्ट लेक सिटीच्या पिण्याच्या पाण्याचा एक झरा आहे. त्यामुळे या दरीत कुत्रा नेण्यास बंदी आहे. मोटारीत बसवून नेण्यासही! पूर्वी हे पाणी खालच्या शेतकऱ्यांचे होते. १८४७ साली या खोऱ्यात आलेल्या लोकांनी आल्याबरोबर पहिले काम कोणते केले, तर ओढा वळवून जमीन भिजवली. पुढे शहर वाढले. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून शहराने शेतकऱ्यांशी अदलाबदल केली: डोंगराचे निर्मळ पाणी शहराने प्यायला घेतले आणि शेतकऱ्यांना त्याऐवजी युटा तलावाचे पाणी कालव्याने दिले. ते पाणी हलके, पण पिकाला चालणारे. शहराने शेतकऱ्याचे पाणी घेतले, हे आपल्याला नवे नाही. मोबदल्यात तेवढेच पाणी लेखी दिले, हे मात्र मला नवे वाटले.

आता या दरीवर नवा बेत आला आहे. 'लाल साप' संपवण्यासाठी राज्याच्या रस्ते खात्याने दरीच्या तोंडापासून आल्ट्यापर्यंत आठ मैल लांबीचा पाळण्यांचा मार्ग काढायचे ठरवले. २०२२ च्या अहवालात त्याचा खर्च ५५ कोटी डॉलर धरला होता. वीसहून अधिक मनोरे, त्यांतले काही दोनशे फुटांहून उंच. एका पाळण्यात पस्तीस माणसे, तासाला सुमारे हजार. पायथ्याशी अडीच हजार मोटारींचा तळ. जुलै २०२३ मध्ये खात्याने या बेतावर शिक्का मारला. मात्र आधी जादा बसगाड्या आणि रस्त्यावर टोल, पाळणे नंतर, असे टप्पे ठेवले. डिसेंबर २०२३ मध्ये सॉल्ट लेक सिटी, शेजारचे सँडी शहर आणि १९७२ पासून या दऱ्यांसाठी झटणारी 'सेव्ह अवर कॅन्यन्स' ही संस्था, असे सगळे न्यायालयात गेले.

हा पाळणा थांबणार फक्त दोन ठिकाणी: स्नोबर्ड आणि आल्टा. वाटेत पायी चढणाऱ्यांच्या पाऊलवाटा जेथून सुरू होतात, त्या एकाही ठिकाणी नाही. म्हणजे पैसा साऱ्या जनतेचा आणि पाळणा दोन खासगी केंद्रांच्या दारात, असे विरोधकांचे म्हणणे.

यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर जो वाद झाला तो ऐकण्यासारखा होता. जावईबापू पाळण्याच्या बाजूचे. "बाबा, त्या रस्त्यावर साठाच्या वर ठिकाणी हिमकडे कोसळतात. रस्ता बंद झाला की वरची माणसं वर अडकतात, उतार मोकळा होईपर्यंत घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. पाळणा वरून जाईल, त्याला रस्ता कशाला?" लेक म्हणाली, "आणि वर्षातले असे दिवस किती? बसगाड्या वाढवा, टोल लावा. त्यासाठी डोंगरात मनोरे कशाला?" सौभाग्यवती म्हणाल्या, "मला गुडघ्यांनी चढवत नाही. रायगडावर मी पाळण्यातूनच महाराजांचं दर्शन घेतलं. पाळणा वाईट कसा?" यावर कोणालाच चटकन उत्तर सुचले नाही.

मी त्या वेळी गप्प बसलो. पण मनाशी तुलना करून पाहिली. रायगडाला रोपवे झाला तो १९९६ साली, पण पायऱ्या बंद झाल्या नाहीत. आजही ज्याला चढायचे तो चढतो आणि वाटेत ताक पितो. ज्याला झेपत नाही तो पाळण्यातून जातो. पाळण्याने वाट खाल्ली नाही, म्हणून तेथे तंटा झाला नाही. लिटल कॉटनवुडमध्ये मला पाळण्यापेक्षा त्याच्या मागून येणाऱ्या गोष्टींची धास्ती वाटते. हजार माणसे तासाला वर गेली, की त्यांना उतार अपुरे पडतील. उतार अपुरे पडले, की नव्या लिफ्टची मागणी होईल. आणि नवी लिफ्ट जाणार कुठे, तर ग्रिझली गल्चसारख्या सौम्य दरीत. सरकारने राखीव रान म्हणून कायद्याने बांधलेल्या भागात लिफ्ट जाऊ शकत नाही. लोन पीक १९७८ साली, माउंट ऑलिंपस आणि ट्विन पीक्स १९८४ साली तसे राखीव झाले. उरलेल्या पट्ट्यातच सारी ओढाताण आहे. रांगेच्या पलीकडच्या बाजूला डीअर व्हॅली या केंद्राने अलीकडे आपले क्षेत्र दुपटीहून अधिक वाढवले. उत्तरेला पावडर माउंटनवर तर २०२४ च्या हिवाळ्यापासून काही लिफ्टा फक्त तेथे घर विकत घेणाऱ्यांसाठी राखून ठेवल्या. पायी चढणाऱ्यालाच नव्हे, तिकीट काढणाऱ्यालाही आता कुंपण लागले.

माझी धास्ती अनाठायी नाही, त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी एका डोंगराळ तालुक्यात होतो. तेथे शहरातल्या एका पार्टीने पठाराचा मोठा तुकडा घेतला आणि हवापालटाची घरे बांधली. जमीन त्यांनी रीतसर घेतली, कागद चोख होते. पण वाडीची गुरे ज्या वाटेने झऱ्यावर जात ती वाट त्या तुकड्यातून होती. पहिल्या वर्षी फाटक बसले, पण उघडे असे. दुसऱ्या वर्षी संध्याकाळी बंद होऊ लागले. तिसऱ्या वर्षी कुलूप. वाडीतल्या एका म्हातारीने मला विचारले, "सायब, वाट कुणाची आसती?" नकाशात वाट दाखवलेली नव्हती, म्हणून माझ्याकडे उत्तर नव्हते. गुरे दोन मैलांच्या वळशाने खालच्या ओढ्यावर जाऊ लागली, आणि पुढे त्या वाडीत गुरेच कमी झाली. पाणलोटाच्या अहवालात मी 'पशुधनात घट' एवढेच लिहिले. ते वाक्य अजून सलते.

निघण्याच्या आदल्या दिवशी आजोबांना भेटायला गेलो. लेकीने केलेल्या तिळाच्या वड्या त्यांना दिल्या. रात्रभर बर्फ पडला होता आणि ते अंगणात फावड्याने वाट मोकळी करीत होते. मी विचारले, निकाल केव्हा लागेल? ते हसले, म्हणाले, "माझा निकाल आधी लागेल!" मग त्यांनी घरातून एक नकाशा आणून दाखवला. त्यावर गेल्या चाळीस वर्षांत ते ज्या ज्या वाटांनी चढले त्या पेन्सिलीने आखलेल्या होत्या. काही वाटांवर फुली होती. फुली कशाची, हे मला विचारावे लागले नाही.

मी त्यांना एवढेच सुचवले, की हा नकाशा पेन्सिलीचा न ठेवता शाईने करा, तारखा घाला, आणि एक प्रत जंगल खात्याच्या कचेरीत देऊन पोच घ्या. ते म्हणाले, "पोच कशाला?" मी म्हटले, "आमच्याकडे वाटेपेक्षा पोच जास्त टिकते." त्यांनी नातीला हाक मारली आणि शाईचे पेन शोधायला सांगितले.